गणित आणि एआयच्या मधला पेपर नक्की पाठवायचा कुठे?

नेत्रा_नीरा
मंडळी नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

मी तालुक्याच्या गावी एका कॉलेजात गणित शिकवते. पीएचडी ऑप्टिमायझेशनमध्ये. मागच्या वर्षभरात एक पेपर तयार झालाय: मोमेंटमवाली स्टोकॅस्टिक ग्रेडियंट पद्धत (चूक पायरीपायरीने कमी करत नेण्याची, मॉडेल शिकवताना वापरतात ती), प्रत्येक पायरीनंतर एका बंदिस्त संचावर प्रोजेक्शन, आणि स्टेप साइझ कमी करत नेण्याचं वेळापत्रक थोडं बदललं तर कन्व्हर्जन्स रेट, म्हणजे उत्तराकडे पोचण्याचा वेग, किती सुधारतो ते. तीन प्रमेयं आहेत आणि शेवटी एमनिस्टवर (हाताने लिहिलेल्या अंकांचा जुना, छोटा डेटासेट) एक छोटा प्रयोग, कारण आमच्या लॅबमध्ये जीपीयू नाही, जे केलं ते गूगल कोलॅबच्या फुकट कोट्यावर. शीर्षकात "डीप लर्निंग" आहे.

तर झालं असं की गणिताच्या एका जर्नलने रेफरीकडे न पाठवताच परत केला. दोन ओळींचं पत्र, "आमच्या कक्षेत बसत नाही, मशीन लर्निंगच्या जर्नलला द्यावा". मग एआयच्या एका कॉन्फरन्सला दिला. तिथे एक रिव्ह्यूअर म्हणतो आजच्या काळात एमनिस्ट काय दाखवता, मोठ्या मॉडेलवर करा. दुसरा म्हणतो सिद्धता तपासली नाही पण बरोबर असावी. तिसऱ्याने आकडा दिला आणि गायब. निकाल अर्थातच नकार.

आणि व्हॉट्सॅपवर रोज "७२ तासांत प्रकाशन, सर्टिफिकेट मोफत" येतंच आहे.

प्रश्न दोन. असा मधलाच पेपर पाठवायचा कुठे? आणि शीर्षकात एआय ठेवावं की काढावं?

टिवल्या_बावल्या
रुमाल टाकून ठेवतो. गणितातलं कळत नाही पण भांडण बघायला आवडेल.

अर्धा_पीएचडी
नेत्राताई, तो तिसरा रिव्ह्यूअर मलाही भेटलाय, सगळ्यांनाच भेटतो.

मी जर्मनीत मशीन लर्निंगमध्येच पीएचडी करतोय. आधी एक गोष्ट, कॉन्फरन्सचा नकार फार मनाला लावून घेऊ नका. २०१४ मध्ये नीअरिप्स या एआयच्या मोठ्या कॉन्फरन्सवाल्यांनी (तेव्हा निप्स) १६६ पेपर दोन वेगवेगळ्या समित्यांकडे गुपचूप दिले होते. साधारण चौथ्या हिश्शाच्या पेपरांवर दोघींचे निकाल वेगळे. आणि एका समितीने स्वीकारलेल्यांतले निम्म्याहून जास्त दुसरीने नाकारले असते. २०२१ ला परत केलं, फार फरक नाही. आता तर २०२५ ला एकवीस हजारांच्या वर पेपर आले, एवढे रिव्ह्यूअर आणायचे कुठून? माझ्या ग्रूपमधली पहिल्या वर्षाची पोरं रिव्ह्यू करतात, मीही केलेत.

तुमच्यासाठी टीएमएलआर बघा. जेएमएलआर (जर्नल ऑफ मशीन लर्निंग रिसर्च) या जर्नलचं धाकटं भावंड, २०२२ पासून. तिथे रिव्ह्यूअरला दोनच गोष्टी विचारतात: जो दावा केलाय त्याला पुरेसा पुरावा आहे का, आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी यात रस वाटेल का. "फार क्रांतिकारक नाही" म्हणून नाकारत नाहीत. पैसे शून्य, डेडलाइन नाही, वाटेल तेव्हा पाठवा.

शिवडीकर_सर
वरच्या तरुण मित्राने चांगली माहिती दिली, पण मला मूळ तक्रारच पूर्ण पटलेली नाही. मी निवृत्त प्राध्यापक, रेफरीगिरीत केस पांढरे केलेत, म्हणून थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नये.

बाई, तुमचा पेपर "मधला" नाही. प्रोजेक्टेड स्टोकॅस्टिक ग्रेडियंट, स्टेप साइझ, रेट, हे सरळ ऑप्टिमायझेशन आहे. शीर्षकात डीप लर्निंग घातल्यामुळे तो मधला झालाय. गणिताच्या संपादकाने शीर्षक वाचलं आणि दार लावलं. एआयवाल्याने तेच शीर्षक वाचलं आणि त्याला डीप लर्निंग दिसेना, म्हणून तो प्रयोग मागत बसला. दोघेही आपापल्या जागी बरोबर.

दुसरं, गृहीतकं काय आहेत ते सांगा. या विषयातले पेपर माझ्याकडे यायचे त्यात एक गोष्ट हमखास असायची: फंक्शन स्ट्राँगली कॉन्व्हेक्स (खोल वाटीसारखं, एकच तळ), आणि ग्रेडियंट (उतार) बाउंडेड, दोन्ही एकदम, तेही संपूर्ण स्पेसवर. हे शक्यच नाही. स्ट्राँगली कॉन्व्हेक्स म्हटलं की मिनिममपासून जितकं लांब जाल तितका ग्रेडियंट वाढणारच. म्हणजे प्रमेय रिकाम्या संचाबद्दल. असे पेपर छापून आलेले मी पाहिलेत.

कॅसग्रस्त
सर, तुमचं खरं असेल पण तुम्ही निवृत्त आहात. आम्हाला अजून कॅसच्या बढतीत लेव्हल बाराच्या तेरा-ए व्हायचंय.

नेत्रा मॅडम, शीर्षकात एआय ठेवा. आमच्याकडे स्क्रूटिनी कमिटीत एकही गणितवाला नसतो, "प्रोजेक्टेड" वाचून ते प्रोजेक्टरवर काहीतरी आहे असं समजतात. एआय दिसलं की सगळे माना डोलावतात. शिवाय मान्य जर्नलांची यूजीसी-केअर यादी २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली, आता कुठलं जर्नल चांगलं ते प्रत्येक संस्थेने आपापलं ठरवायचं. म्हणजे कमिटी ठरवणार. म्हणजे पुन्हा तेच लोक.

टिवल्या_बावल्या
प्रोजेक्टर 😂😂 भांडण बघायला आलो होतो, हे जास्त भारी आहे.

मनमाड_जंक्शन
७२ तासांत प्रकाशनवाल्यांबद्दल. त्यांच्या नादी लागूच नका, आणि कुणी लागला असेल तर त्या जर्नलचे जुने अंक उघडून नुसतं वाचा, करमणूक होते. २०२१ मध्ये काही संशोधकांनी अशा पेपरांत सापडणारे पिळवटलेले शब्दप्रयोग गोळा केले होते. दुसऱ्याचा पेपर उचलायचा, सॉफ्टवेअरमधून प्रत्येक शब्दाला समानार्थी शब्द लावायचा, म्हणजे चोरी पकडली जात नाही. त्यातून "आर्टिफिशियल इंटेलिजन्स"चं झालं "काउंटरफिट कॉन्शसनेस". आणि हे नामांकित प्रकाशकांच्या जर्नलमध्येही मिळालं!

त्याआधी २००५ मध्ये एमआयटीच्या तीन पोरांनी साय-जेन नावाचा प्रोग्रॅम लिहिला, बटण दाबलं की आलेखासकट निरर्थक पेपर तयार. तो एका कॉन्फरन्सने स्वीकारलाही. ते जाऊ दे, गंमत पुढे आहे: २०१४ मध्ये स्प्रिंगर आणि आयट्रिपलई दोघांना मिळून त्याच प्रोग्रॅमने बनवलेले १२० हून जास्त पेपर मागे घ्यावे लागले. नऊ वर्षं लोक ते बटण दाबतच होते.

ओवी_अभंग
खोटी शुद्ध 😄 मराठी भाषांतर हेच.

अर्धा_पीएचडी
@शिवडीकर सर, गृहीतकांचं शंभर टक्के मान्य. पण "एआयवाला आपल्या जागी बरोबर" हे नाही पटलं. प्रमेयाच्या पेपरला मोठ्या मॉडेलवर प्रयोग कशाला हवा?

शिवडीकर_सर
कारण तुमच्याकडे सिद्धता कुणी वाचत नाही, म्हणून प्रयोगावर भरवसा. अॅडम ही मॉडेल शिकवायची पद्धत घ्या. आज जगभर जो तो वापरतो, पेपर २०१५ च्या आयसीएलआर या कॉन्फरन्समध्ये आला, कन्व्हर्जन्सच्या सिद्धतेसकट. ती सिद्धता चुकीची निघाली. २०१८ मध्ये रेड्डी, काळे आणि कुमार यांनी प्रतिउदाहरण दिलं, तेही एका मितीतलं, कॉन्व्हेक्स, बी.एस्सी.च्या मुलाला कागदावर करता येईल असं. मधली तीन वर्षं हजारो लोकांनी तो पेपर उद्धृत केला.

अर्धा_पीएचडी
आणि त्या प्रतिउदाहरणाच्या पेपरला त्याच आयसीएलआरने बेस्ट पेपरचं बक्षीस दिलं, हे सांगायचं राहिलं सर 🙂 तीन वर्षांत चूक सापडली, सुधारणा आली, जाहीर कौतुक झालं. गणितात तीन वर्षांत रेफरीचं उत्तर तरी येतं का?

शिवडीकर_सर
येतं. झांग यितांगचा जुळ्या मूळसंख्यांवरचा पेपर अॅनल्स या गणिताच्या नामांकित जर्नलने २०१३ मध्ये एप्रिलात घेतला आणि मे महिन्यात स्वीकारला. नाव कुणाला माहीत नव्हतं, अमेरिकेतल्या एका विद्यापीठात लेक्चरर होते. बाकीच्यांना वेळ लागतो हे मात्र कबूल. हेल्सची केपलर कन्जेक्चरची (गोळे जास्तीत जास्त दाटीने कसे रचायचे) सिद्धता १९९८ ची, बारा रेफरी बसवले, वर्षानुवर्षं तपासून शेवटी "९९ टक्के खात्री आहे" एवढंच म्हणाले. अॅनल्समध्ये २००५ ला आली. त्या एका टक्क्यासाठी हेल्सने पुढे संगणकाकडून ओळ न् ओळ तपासून घेतली, ते काम २०१४ ला संपलं.

नेत्रा_नीरा
बापरे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार.

शिवडीकर सर, राग अजिबात नाही, उलट रेफरीने एवढं विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. माझ्याकडे संच बंदिस्त आणि बाउंडेड आहे, म्हणूनच प्रोजेक्शन घेतलंय, त्यामुळे त्यावर ग्रेडियंट बाउंडेड असणं आणि स्ट्राँगली कॉन्व्हेक्स असणं यात विरोध येत नाही. पहिली दोन प्रमेयं तशी आहेत. तिसरं नॉन-कॉन्व्हेक्स, तिथे फक्त ग्रेडियंट लिप्शिट्झ (एकदम उसळी न मारणारा) आणि नॉइजचा व्हेरियन्स मर्यादित एवढंच गृहीत धरलंय, आणि रेट अर्थातच कमी चांगला येतो.

शिवडीकर_सर
उत्तम. मग गणित व्यवस्थित आहे. पण आता स्वतःलाच विचारा, खरं न्यूरल नेटवर्क ट्रेन करताना बंदिस्त संचावर प्रोजेक्शन कोण घेतं? आणि नेटवर्कचा लॉस स्ट्राँगली कॉन्व्हेक्स कुठे असतो? तुमची चांगली दोन प्रमेयं डीप लर्निंगबद्दल नाहीतच. शीर्षक तिसऱ्याच्या जिवावर उभं आहे.

कॅसग्रस्त
सर पण शीर्षक काढलं तर सायटेशन कोण देणार? ऑप्टिमायझेशनचा पेपर वाचतात किती आणि एआयचा वाचतात किती.

पाटी_पेन्सिल
अवांतर होईल पण राहवत नाही. कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते. ६१७४ (चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिलं की शेवटी येतो तो आकडा) त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या परिषदेत मांडला. ना पीएचडी, ना जर्नलात वट. स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापायचे. कितीतरी गणितज्ञांनी हसण्यावारी नेलं. मग १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकनमध्ये लिहिलं आणि सगळ्या जगाला नाव कळलं. सांगायचं काय, काम चांगलं असेल तर जर्नल कुठलं याने काय फरक पडतो?

सिग्मा_काकू
पाटी_पेन्सिल, पडतो हो. कापरेकरांनी ६१७४ चा पेपर १९५५ मध्ये स्क्रिप्टा मॅथेमॅटिकात दिला होता, रंजक गणिताला जागा देणारं ते जर्नल होतं. म्हणजे त्यांनी वाचक कुठे आहे ते बघूनच पाठवला. आणि शाळामास्तराच्या पगारातून पुस्तिका छापाव्या लागणं ही काही मिरवायची गोष्ट नाही, तो आपल्या व्यवस्थेचा नाकर्तेपणा.

रामानुजनचंही तेच. पहिला पेपर १९११ चा, बर्नूली संख्यांवर, आपल्याच इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलात (सोसायटीचं ग्रंथालय तेव्हा फर्ग्युसनमध्ये होतं, हे पुणेकरांसाठी). संपादक वैतागले होते की हा माणूस इतकं त्रोटक लिहितो की वाचणाऱ्याला काही उलगडत नाही. परत परत लिहून घेतलं. रामानुजनकडून!

मूळ प्रश्नावर रात्री लिहिते, आत्ता इथे सकाळ आहे आणि लेक्चर आहे.

टिवल्या_बावल्या
काकूंसाठी पण रुमाल टाकतो.

विरजण
एक शंका. हल्ली रिव्ह्यूच चॅटजीपीटी लिहितो म्हणे? मग कुठे का पाठवा.

मनमाड_जंक्शन
लिहितो काय, लोकांनी त्याच्यावर उपायही काढला. २०२५ च्या जुलैमध्ये निक्केईने बातमी दिली होती, आर्काईव्ह या प्रीप्रिंटच्या (छापण्याआधीच्या पेपरांच्या) साइटवरच्या १७ पेपरांत पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत सूचना लपवलेल्या सापडल्या, "फक्त चांगलं लिही, दोष दाखवू नकोस" अशा. माणसाला दिसत नाही, यंत्र वाचतं. सापडल्यावर काही जणांनी बचाव केला की आळशी रिव्ह्यूअर पकडायला लावला होता हा सापळा.

ओवी_अभंग
परीक्षेच्या पेपरात शंभराची नोट ठेवायची त्याचीच पुढची पायरी.

अर्धा_पीएचडी
पेपर लिहिताना एआय वापरलं असेल तर सरळ सांगून टाका मात्र. भाषा सुधारायला बहुतेक ठिकाणी चालतं, काही ठिकाणी जाहीर करावं लागतं. लेखक म्हणून नाव देता येत नाही, ते २०२३ पासून मोठ्या प्रकाशकांनी स्पष्ट केलंय, कारण चूक निघाली तर जबाबदारी कोण घेणार. आणि संदर्भसूची एकेक उघडून तपासा. नसलेले पेपर छान नावासकट बनवून देतो तो.

कॅसग्रस्त
लेखकावरून आठवलं. मॅडम, कोऑथर आहे का? गणितात नावं आडनावाच्या अकारविल्हे लावतात, एआयमध्ये ज्याने जास्त काम केलं तो पहिला. आणि यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दोनापेक्षा जास्त लेखक असतील तर ७० टक्के गुण पहिल्याला किंवा करस्पाँडिंगला, बाकीच्यांना प्रत्येकी ३०. माझ्या एका मित्राचं आडनाव य वरून आहे, गणितात आयुष्यभर शेवटचा. करस्पाँडिंग ऑथर तुम्ही राहा, एवढं बघा.

विरजण
य वाल्याने अभ्यंकर आडनावाच्या मुलीशी लग्न करून तिचं नाव लावावं 😀 ह.घ्या.

सिग्मा_काकू
आले. मी अमेरिकेत स्टॅटिस्टिक्स शिकवते, एका जर्नलची असोसिएट एडिटर आहे, तेव्हा टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगते.

माझ्याकडे पेपर आला की पहिल्या पाच मिनिटांत मी तीन गोष्टी बघते: शीर्षक, अॅब्स्ट्रॅक्टचं शेवटचं वाक्य, आणि संदर्भसूची. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. नेत्रा, तुझी सूची काढ आणि बघ, ज्या पेपरांवर तू खरंच उभी आहेस, म्हणजे ज्यांची लेमा (सहाय्यक प्रमेयं) वापरली आहेस, शोभेला पहिल्या परिच्छेदात टाकलेले नव्हेत, ते कुठे छापले गेलेत? ते जिथे आहेत तिथे तुझे वाचक आहेत आणि तिथेच तुझे रेफरी सापडतील. ज्या जर्नलमधला एकही पेपर तुझ्या सूचीत नाही तिथे पाठवलास तर संपादकाला रेफरी कुणाला विचारायचं तेच कळत नाही, मग "कक्षेत बसत नाही" हे सगळ्यात सोपं उत्तर.

माझा अंदाज, तुझ्या सूचीत सायम जर्नल ऑन ऑप्टिमायझेशन, मॅथेमॅटिकल प्रोग्रॅमिंग, जोटा हे असणार. जोटा म्हणजे जर्नल ऑफ ऑप्टिमायझेशन थिअरी अँड अॅप्लिकेशन्स. मी पहिल्यांदा तिथे विचार केला असता. ते हायब्रिड आहे, सबस्क्रिप्शनचा पर्याय घेतला तर लेखकाला पैसे पडत नाहीत. ओपन अॅक्सेसची मोठमोठी बिलं बघून घाबरू नकोस, वाचायला मोकळं हवं असेल तर प्रीप्रिंट आर्काईव्हवर टाक. तिथे पहिल्यांदा टाकताना त्या विषयातल्या कुणाचं तरी एन्डॉर्समेंट लागतं, गाईडना सांग.

शीर्षकाबद्दल मी शिवडीकर सरांच्या बाजूने. पण कॅसग्रस्तांचाही मुद्दा निकाली काढता येतो: एआय शीर्षकात नको, कीवर्डमध्ये टाक. एमएससी २०२० या गणिताच्या विषयवारीत ६८टी०७ हा कोडच न्यूरल नेटवर्क आणि डीप लर्निंगचा आहे, तो दुय्यम म्हणून दे. कमिटीला दाखव.

आणि कव्हर लेटर. बहुतेक जण "कृपया विचार व्हावा" एवढंच लिहितात. त्यात सरळ सांग की आधीचा रेट हा होता, माझा हा आहे, फरक या वेळापत्रकामुळे पडतो. तीन ओळी पुरेत.

अर्धा_पीएचडी
काकू, पण मग तिसरं प्रमेय? जोटात ते शेपटासारखं लोंबकळेल. मला वाटतं तेच खरं एआयवाल्यांच्या कामाचं आहे. वेगळं काढून टीएमएलआरला?

शिवडीकर_सर
एका कामाचे दोन पेपर? याला आमच्याकडे काकडी चिरणं म्हणायचे.

सिग्मा_काकू
सर, नेहमीच नाही. २०२१ मध्ये डीपमाइंड आणि गणितज्ञांनी मिळून गाठींच्या गणितावर (नॉट थिअरी) काम केलं. गाठींच्या दोन वेगळ्या गुणधर्मांतलं नातं मशीन लर्निंगने कसं सुचवलं ती गोष्ट नेचरमध्ये. सिग्नेचर आणि कस्पच्या भूमितीचं प्रमेय, पूर्ण सिद्धतेसकट, जिऑमेट्री अँड टोपॉलॉजीमध्ये. दोन्हीचे वाचक वेगळे, दोन्ही पेपर एकमेकांचा उल्लेख करतात, लपवाछपवी नाही. काकडी चिरणं म्हणजे तोच वाचक, तेच प्रमेय, दोनदा. तिसऱ्या प्रमेयाला स्वतःचा प्रयोग मिळाला, प्रोजेक्शन काढून काय होतं ते तपासलं, तर तो वेगळा पेपर. नुसतं कापून पाठवलं तर सर म्हणतात ते खरं.

फक्त एकच पेपर एकाच वेळी दोन जर्नलना पाठवू नकोस. रेफरी तोच निघाला तर दोन्हीकडून जातं. आमचं जग फार छोटं आहे.

पाटी_पेन्सिल
काकू, कापरेकरांबद्दल दुरुस्ती मान्य. स्क्रिप्टा मॅथेमॅटिकाचं माहीत नव्हतं.

मनमाड_जंक्शन
या धाग्यात पैशाचा विषय निघालाय तर, लोक जेएमएलआरकडे कसे वळले ते माहितीये का? २००१ मध्ये मशीन लर्निंग नावाच्या महागड्या जर्नलच्या संपादक मंडळातल्या चाळीस जणांनी एकदम राजीनामा दिला, की आम्ही फुकट लिहितो, फुकट तपासतो आणि आमच्याच ग्रंथालयांना एवढी वर्गणी का? आणि फुकट जर्नलकडे गेले. आपल्याकडे वन नेशन वन सबस्क्रिप्शनला (सगळ्या सरकारी संस्थांसाठी जर्नलांची एकत्र वर्गणी) ६००० कोटी मंजूर झालेत तीन वर्षांसाठी. वाचायची सोय झाली, चांगलंच आहे, पण पैसे शेवटी गेले कुणाकडे?

विरजण
नवीन धागा काढा, हा नेत्राताईंचा आहे.

नेत्रा_नीरा
काकू, सूची काढून बसले. ज्यांची लेमा वापरली त्यातले बहुतेक सायम आणि मॅथेमॅटिकल प्रोग्रॅमिंगमधले, जोटातलेही आहेत. एआयवाले जवळपास सगळे पहिल्या पानावर, शोभेचेच म्हणायचे.

तर पहिली दोन प्रमेयं जोटाला, शीर्षकातून डीप लर्निंग काढून. एमनिस्टचा प्रयोगही काढते, त्याऐवजी लॉजिस्टिक रिग्रेशनवर एक दाखवते, एल-टू रेग्युलरायझेशन (वर्गाचा दंड) लावलं की ते खरंच स्ट्राँगली कॉन्व्हेक्स असतं. तिसऱ्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत बसेन आणि मग टीएमएलआर.

शिवडीकर_सर
लॉजिस्टिक रिग्रेशन घेतलंत हे बरं केलंत. प्रोजेक्शनचा संच किती मोठा घेतला ते लिहा, आणि मिनिमम त्याच्या आत येतो हे दाखवा. रेफरी तिथेच बोट ठेवेल. मी तरी ठेवलं असतं.

कॅसग्रस्त
कीवर्डमध्ये एआय. विसरू नका.

अर्धा_पीएचडी
ताई, सुट्टीपर्यंत थांबू नका, ओपनरिव्ह्यूवर अकाउंट आजच काढून ठेवा. टीएमएलआर तिथूनच चालतं. संस्थेचा ईमेल असेल तर लगेच होतं, जीमेलवरून काढलंत तर तपासणीत दोन आठवडेसुद्धा जातात, ऐन वेळी बोंब होते.

नेत्रा_नीरा
संस्थेचा ईमेल आहे. पासवर्ड ऑफिसमधल्या हेडक्लार्ककडे आहे आणि ते लग्नाला गेलेत.

टिवल्या_बावल्या
कुणाच्या? पत्रिका असेल तर आम्हीच जाऊन विचारून येतो.